पुलापलीकडची जागा

हार्जू, मिशिगन
२ नोव्हेंबर

नीलो,

'प्रिय' लिहिलं आणि खोडलं, म्हणून हा दुसरा कागद घेतला. आई गेल्यापासून तुला बरीच पत्रं पाठवली. एकही परत आलं नाही, म्हणजे अलास्कातल्या त्या टपालपेटीतून तू ती उचलतोस एवढं मी धरून चालते. वाचतोस की शेगडीत घालतोस ते तुझं तुला माहीत.

बाबांना सैनिकांच्या इस्पितळातून घरी पाठवलं आहे. बरे झाले म्हणून नव्हे. फुप्फुसात करण्यासारखं काही उरलं नाही, आता घरीच आराम द्यायचा, दुखू द्यायचं नाही, एवढंच काम. याला ते हॉस्पिस म्हणतात. पुढच्या खोलीत सोफा काढून इस्पितळाचा पलंग लावला आहे. ब्रिजेट नावाची नर्स येते, बर्फ असला तरी येते, आणि आल्या आल्या बूट काढून आधी चुलीपाशी हात शेकते, कारण थंड हाताने बाबांना स्पर्श केला की ते तिला शत्रुपक्षाची म्हणतात. मॉर्फीनची बाटली फ्रिजच्या दारात मोहरीच्या बाटलीशेजारी आहे. मी सकाळ-संध्याकाळ शाळेची बस चालवते तेव्हा शेजारची एल्सी येऊन बसते.

घरी पाठवताना इस्पितळातल्या बाईंनी मला आणि बाबांना समोर बसवून सगळं समजावलं. पूर्वी म्हणे माणूस त्यांच्या पलंगावर गेला तरच पुरण्याचा पूर्ण खर्च, नेण्याआणण्याचा खर्च सरकार द्यायचं. घरी जाऊन मेला तर हात आखडता. त्यामुळे कितीतरी म्हातारे घरी जायचंच नाही म्हणायचे, बायकोवर बोजा नको म्हणून तिथेच भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. आता नियम बदलला. इस्पितळानेच घरी पाठवलं असेल आणि त्यांच्याच देखरेखीत माणूस घरी गेला, तर तो इस्पितळातच गेला असं धरतात. बाबांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे जिवंतपणी रांगेत उभं केलं आणि मेल्यावर घरपोच सेवा."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी मला एकच गोष्ट तीनतीनदा बजावली. काही झालं तरी रुग्णवाहिका बोलवायची नाही, आधी नर्सला फोन करायचा. रुग्णवाहिका आली की ती जवळच्या दुसऱ्या इस्पितळात नेणार, तिथे नळ्या घालणार, आणि मग हे सगळं विस्कटणार. तसा गुलाबी कागद फ्रिजवर लावला आहे. बाबा पलंगावरून तो बघतात आणि म्हणतात, वर कोपऱ्यात माझा फोटो लावा, म्हणजे हवा असलेला गुन्हेगार शोभेन.

तू यावंस असं मी लिहीत नाही. यायला किती दिवस लागतात तेवढं तुला कळावं, म्हणून लिहिलं.

हेल्मी

१७ नोव्हेंबर

नीलो,

हरणांची शिकार सुरू झाली म्हणून शाळेला सुट्टी, म्हणून लिहायला वेळ. गावात एक पुरुष सापडत नाही. बाबांचा पलंग खिडकीशी सरकवला आहे. मागच्या सफरचंदाखाली हरणं येतात, बाबा बोट रोखून "ठो" म्हणतात आणि मला आत जाऊन सुरी आणायला सांगतात.

शनिवारी त्यांनी सॉना मागितला, अंगणातल्या खोपटातलं वाफेचं न्हाणं. मी नको म्हटलं. ब्रिजेट इथली नाही, दक्षिणेकडची आहे, तिला वाटलं मी तरी समजूतदार आहे. तर बाबा तिला म्हणाले की माझा जन्म सॉनात झाला, माझ्या आईला मेल्यावर तिथेच न्हाऊ घातलं, शनिवारी सॉना न घेता मी मेलो तर वरचे लोक मला दारातूनच परत पाठवतील. शेवटी मंद आचेवर, दार उघडं ठेवून, लॉइडने आणि मी त्यांना नेलं. खालच्या फळीवर पाच मिनिटं बसले. पाठ किती बारीक झाली आहे ते मला तिथे दिसलं. मी पाणी ओतताना धूर डोळ्यांत गेला असं सांगितलं.

लॉइड सेप्पला रोज येतो. आता माजी सैनिकांच्या पथकाचा तोच प्रमुख. कुणी गेलं की हे सात-आठ म्हातारे टोप्या घालून बंदुका उडवायला जातात. बिगूल वाजवणारं कुणी उरलं नाही, म्हणून त्यांनी बॅटरीचा बिगूल आणला आहे. आत यंत्र असतं, बटण दाबायचं आणि गाल फुगवून उभं राहायचं. मागच्या हिवाळ्यात थंडीने बॅटरी बसली आणि लॉइड कितीतरी वेळ गाल फुगवून उभाच राहिला. बाबा त्याला सारखं विचारतात, "माझ्या वेळी नवी बॅटरी घालशील ना रे?" लॉइड म्हणतो, "तुझ्यासाठी जुनी पुरे."

बाबांची जागा ठरलेलीच आहे. आईच्याच थडग्यात, तिच्या वरच्या थरात, पुलापलीकडच्या सैनिकी स्मशानात. आईच्या दगडाची मागची बाजू त्यांच्या नावासाठी कोरी ठेवली आहे. तुला ते आठवत असणारच. आईला पुरलं त्या दिवशी दगडांच्या त्या रांगांत उभं राहून तू विचारलंस, "आणि मी कुठे?" आणि बाबांनी सगळ्यांदेखत सांगितलं, "ते पळालास तेव्हा विचारायचं होतंस." मी तिथेच होते. मी काहीच बोलले नाही. तू गाडी काढून निघून गेलास आणि मी चर्चच्या बायकांना कॉफी ओतत राहिले. सैन्यातून तुला खराब शेरा मारून काढलं म्हणून तुला तिथे जागा नाही, हे खरंच आहे. पण ते त्या दिवशी म्हणायचं नव्हतं.

तू विचारशील म्हणून सांगते, बाबांनी अजून तुझं नाव काढलेलं नाही.

हेल्मी

२१ डिसेंबर

नीलो,

थोडकंच लिहिते. ख्रिसमसचा वेलदोड्याचा पाव केला, त्यांनी कॉफीत बुडवून एक घास खाल्ला. जेवण जवळजवळ बंद. दिवसातला बराच वेळ झोप.

बाबांनी तुझी चौकशी केली. तिकडे मासे उतरवायचं काम करतोस की इंजिनं दुरुस्त करतोस, असं विचारलं. मी म्हटलं, इंजिनं. बरोबर ना? त्यांना ते आवडलं. म्हणाले, त्याचा हात चांगला होता.

बाकी हल्ली ते काहीबाही बोलतात. औषधाने असं होतं असं ब्रिजेट म्हणते. तू मनाला लावून घेऊ नकोस, म्हणजे मी लिहिलेलंच नाही, तर लावून काय घेशील. असो.

फोन करायचा असेल तर घरचा नंबर तोच आहे. माझ्याशी बोलायचं नसेल तर माजी सैनिकांच्या हॉलवर लॉइडला कर, तो नंबर तर तू लहान होतास तेव्हापासून बदललेला नाही.

हेल्मी

१९ जानेवारी

नीलो,

बाबा गेले. बुधवारी सकाळी. तुझ्या टपालपेटीवर मी तातडीचं पत्र पाठवलं होतं, ते पोचलं असेल असं धरते.

तुला कुठून तरी कळायच्या आधी मीच सांगते. जे करायचं नाही म्हणून मला तीनतीनदा बजावलं होतं, तेच मी केलं. बर्फामुळे शाळा बंद होती. मी त्यांची उशी बदलत होते आणि त्यांच्या घशातून असा आवाज यायला लागला की माझं डोकं चालेना. फ्रिजवरचा गुलाबी कागद माझ्या नाकासमोर होता, त्यावर ब्रिजेटचा नंबर जाड अक्षरांत होता, आणि मी रुग्णवाहिकेचा नंबर फिरवला. फोन ठेवल्यावर मी काय केलं ते मला कळलं. परत फोन करून नको म्हणायचं सोडून मी पलंगापाशी धावले.

आपल्या गावची रुग्णवाहिका म्हणजे कोण, तुला माहीत आहे. लाकूड वखारीतला मार्व्हिन, एल्सीचा जावई, हेक्किला बंधू आणि टेकडीवरचं स्मशान सांभाळणारा ग्लेन. रस्त्यावरचा बर्फ सारणाऱ्या गाडीमागून आले. धडाधड आत शिरतील, बाबांना उचलतील, असं वाटून मी दारात आडवी उभी राहिले. स्वतःच बोलावलं आणि स्वतःच वाट अडवून उभी. मार्व्हिनने माझ्या खांद्यावरून बाबांकडे पाहिलं, मग फ्रिजवरच्या कागदाकडे पाहिलं. मग खाली वाकून बुटांच्या नाड्या सोडायला लागला.

बाकीच्यांनीही सोडल्या. पाच आडदांड माणसं लोकरीच्या मोज्यांवर आत आली. मार्व्हिनने ब्रिजेटला फोन लावून मला दिला, ती सांगेल तेवढे थेंब जिभेखाली घालायला लावले. हेक्किलातल्या धाकट्याने कॉफी चढवली. ग्लेनने चुलीत लाकडं घातली. बाबांचा श्वास हळूहळू लांबत गेला आणि मार्व्हिन त्यांचा हात धरून होता, मी दुसरा धरून होते. घरीच गेले, त्यांच्या खिडकीशी. ब्रिजेट पोचली तेव्हा ही माणसं कप विसळत होती. तिने कागदावर लिहिलं, घरी, आमच्या देखरेखीत. तिने मला एक शब्द सुनावला नाही.

जमीन लोखंडासारखी झाली आहे, आणि पुलापलीकडे इतक्या लांब न्यायला रस्ताही बरा नाही. म्हणून आपल्याकडची रीत तीच. टेकडीच्या पोटातल्या दगडी खोलीत बाबांना ठेवलं आहे, बर्फ जाईपर्यंत. त्या खोलीला बाबा वेटिंग रूम म्हणायचे. माझी बस तिच्यासमोरून रोज जाते आणि रोज परत येते.

मे महिन्यापर्यंत ते तिथे आहेत. यायचं असेल तर अजून वेळ आहे.

हेल्मी

८ मार्च

नीलो,

हे पत्र मी बसमध्ये बसून लिहिते आहे, दगडी खोलीसमोर उभी करून. मुलं उतरली आहेत. घरी लिहायला बसले की उठून भांडी घासायला लागते.

डिसेंबरात मी तुला लिहिलं की बाबा काहीबाही बोलतात. ते काहीबाही नव्हतं. त्या दिवशी दुपारी त्यांनी औषध नको म्हटलं होतं, डोकं साफ हवं म्हणून. दुखत होतं, कपाळावर घाम होता. मला खुर्ची जवळ घ्यायला लावली.

"मला पुलापलीकडे नेऊ नकोस," म्हणाले. "इथेच टेकडीवर ठेव. शेजारी एक जागा घे. पोरासाठी."

मी म्हटलं, "बाबा, आई तिथे आहे. तिच्या दगडावर तुमच्या नावाची जागा ठेवली आहे."

"तिला तिथे सोबत आहे. रांगाच्या रांगा आहेत. त्याला कोण आहे?"

मग ते त्या दिवसाबद्दल बोलले. तू युद्धातून सुट्टीवर आलास आणि परत गेला नाहीस, तळ्याकाठच्या झोपडीत राहिलास, आई तुला तिथे डबे पोचवायची, तो सगळा काळ. आणि शेवटी बाबा स्वतः येऊन तुला गाडीत बसवून छावणीवर घेऊन गेले. तुला वाटत असेल, त्यांना लाज वाटत होती म्हणून नेलं. मलाही तेच वाटत होतं. ते म्हणाले, मी मूर्ख होतो. माझी टोपी घालून गेलो होतो. मला वाटलं, मी व्हिएतनामला गेलेला माणूस, पोराला हाताला धरून मीच आणलं म्हणजे ते म्हणतील, ठीक आहे, घेतो सांभाळून. तिथल्या अधिकाऱ्याने माझ्या टोपीकडे पाहिलंसुद्धा नाही.

"वाटेत त्याला पेस्टी घेऊन दिली होती," म्हणाले. "गरम होती. त्याची आवडती, करंजीसारखी, आत खिमा आणि सलगम भरलेली. त्याने खाल्ली नाही. सीटवर तशीच ठेवली. मी एकटा परत आलो तेव्हा गाडीत तिचा वास होता. माझ्या हातचं अन्नसुद्धा घेतलं नाही, एवढा राग." आणि मग नीलो, ते रडले. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं, आईच्या वेळीही नाही.

त्यांनी मला वचन मागितलं. मी हो म्हटलं. आणि मग मी ते कुणालाच सांगितलं नाही. तुलाही नाही.

का नाही, तेही सांगते. मला राग आला होता. आई त्यांच्याबरोबर सगळं आयुष्य राहिली, त्यांचे वाईट दिवस, त्यांची रात्रीची ओरड, सगळं तिने काढलं. तिने मला किती वेळा सांगितलं होतं, माझ्या आर्वोशेजारी झोपेन तिथे मला झोप लागेल. ती तिकडे वाट बघते आहे आणि हे म्हणतात, तिला सोबत आहे. आणि कुणासाठी, तर जो एक फोन करत नाही त्याच्यासाठी. उशाशी मी बसलेली, बेडपॅन मी काढते, आणि जागा तुझ्याशेजारी हवी. हे लिहायला नको होतं, पण आता खोडत नाही.

मी लॉइडला विचारलं. तो भडकला. म्हणाला, आर्वोने सही करून बायकोला तिथे ठेवलं, आता तिला टाकून येणार का? थोड्या वेळाने परत आला आणि म्हणाला, पण मरताना माणूस जे मागतो ते मागतो. मग स्वतःच वैतागून निघून गेला. सरकारचं म्हणणं साधं आहे, इथे पुरलं तरी दगड देतील, झेंडा देतील, पथक येईल, घरी गेले तरी इस्पितळात गेल्यासारखाच खर्च देतील. फक्त जागा आपली आपण घ्यायची. म्हणजे अडचण सरकारची नाही. अडचण माझी आहे.

तूच सांग. तुझ्याशेजारी ठेवू की आईपाशी? तू सांगशील ते करीन. एका ओळीत सांग.

हेल्मी

२२ एप्रिल

नीलो,

तुझी ओळ आली नाही.

बर्फ वितळतो आहे, दगडी खोलीसमोर चिखल आहे. ग्लेनने टेकडीवर काठी खुपसून पाहिली, वीतभर जाते, मग अडते. आता पंधरवड्याचा प्रश्न आहे. सैनिकी स्मशानवाल्यांचा दोनदा फोन आला, तारीख द्या म्हणून. मी दोनदा सांगितलं, घरात विचार चालू आहे. घरात मी आणि मांजर.

तुला माहीत आहे का, तू लहान असताना रुसलास की मागच्या लाकडांच्या ढिगाआड जाऊन बसायचास आणि कुणी शोधायला आलं की श्वास रोखायचास. आईला तू कुठे आहेस ते नेहमी माहीत असायचं, तरी ती तुला शोधायचं नाटक करायची. मला नाटक जमत नाही. मला एक उत्तर हवं आहे.

हेल्मी

१८ मे

नीलो,

माझ्याशी नाही बोललास, लॉइडला फोन केलास. ठीक आहे. तोही मार्ग मीच दाखवला होता. तो सांगायला आला तेव्हा मी अंगणात सॉनाची चिमणी घासत होते, हात काळे होते. त्याच्या कानातलं यंत्र शिट्टी मारत होतं आणि तो टोपी हातात घेऊन उभा राहिला. टोपी हातात घेतलेला लॉइड मी फक्त थडग्यांपाशी पाहिला आहे, म्हणून मला वाटलं तुलाच काही झालं.

त्याने तुझे शब्द तसेच सांगितले, दोनदा सांगितले. "म्हाताऱ्याला आईपाशी ठेवा. माझ्यापायी तिला एकटं पाडू नका." आणि मग, "हेल्मीला सांगा, ती पेस्टी मी रागाने नाही ठेवली. भीतीने घशाखाली घास उतरत नव्हता. नंतर सैन्याच्या कोठडीत मी सारखा तिचाच विचार करत होतो, की खायला हवी होती."

लॉइड गेला. मी तिथेच लाकडांवर बसले.

बाबा डिसेंबरात बोलले आणि जानेवारीत गेले. मी त्याच रात्री तुला खरं लिहिलं असतं, तर तुझा फोन तेव्हा आला असता. तू मार्चचं पत्र वाचून फोन केलास, म्हणजे डिसेंबरचं वाचूनही केला असतास, हे मला आता कळतं. लॉइडने पलंगापाशी बसून त्यांना सांगितलं असतं की पोराने रागाने नाही ठेवली. एवढंच त्यांना हवं होतं रे. टेकडीवरची जागा तर त्यांनी दुसरं काही मागता येत नव्हतं म्हणून मागितली. मी त्याला औषधाची बडबड म्हटलं, आणि खरं काय ते माझ्याजवळ दाबून ठेवलं. रुग्णवाहिकेची चूक पाच माणसांनी बूट काढून निस्तरली. ही माझी चूक कुणालाच निस्तरता येणार नाही. मला फार वाईट वाटतं, नीलो. रोज त्या खोलीसमोरून बस नेताना वाटत होतं आणि आता ती रिकामी आहे तरी वाटतं.

शुक्रवारी त्यांना पुलापलीकडे नेलं. चर्चची व्हॅन मी चालवली, मागे लॉइड आणि त्याचे सगळे म्हातारे. पुलावर वारा होता, मग पलीकडे उतरताच कुणीतरी भुकेचं बोललं आणि पुढे तासभर आम्ही पेस्टीच्या दुकानाच्या शोधात होतो. छावणीच्या वाटेवरचं तुझं ते दुकान अजून आहे. मी दोन घेतल्या.

तिथे सैन्याने स्वतःची तरणी पोरं पाठवली होती, पांढऱ्या हातमोज्यांची. लॉइडने त्यांच्या प्रमुखाला बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं आणि बिगूल मात्र आपलाच वाजवला. नवी बॅटरी होती. गाल नेहमीसारखे फुगवले, पण डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता. आईच्या पेटीवर बाबा उतरले. त्या तरण्यांपैकी एका पोराने झेंडा घडी घालून घालून त्रिकोण केला, गुडघ्यावर बसून माझ्या मांडीवर ठेवला आणि देशाच्या वतीने जे बोलायचं ते बोलला. झेंडा एकच मिळतो. तो इथे आहे, घडी मोडलेली नाही. एक पेस्टी मी तिथल्या गवतात पुरली, कुणी बघत नाही असं पाहून. लॉइडने पाहिलंच.

परत येताना रांगांमधून चालत होते. दगडाच्या एका बाजूला नवरा, मागे बायको, सगळीकडे तसंच. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की तिथे मलाही जागा नाही. मी सैनिकाची मुलगी, आणि मोठ्या झालेल्या मुलांना तिथे ठेवत नाहीत. माझ्याशी काडीमोड घेऊन डेलने दुसरं लग्न केलं, त्याच्याशेजारची जागा त्याच्या त्या बायकोची. इतकी वर्षं तुझी जागा, बाबांची जागा, आईची जागा म्हणून भांडलो आणि माझी कुठे, हे मी कधी विचारलंच नव्हतं. मलाही कुणी विचारलं नव्हतं.

शनिवारी ग्लेनला घेऊन टेकडीवर गेले. वरच्या बाजूला, जिथून मोठं तळं दिसतं, तिथे कुंपणालगत दोन जागा शेजारी-शेजारी मोकळ्या होत्या. दोन्ही घेतल्या. ग्लेनने विचारलं, कुणाच्या नावावर लिहू. बाबांनी तुझ्याशेजारी जागा मागितली होती, ती मी माझ्या नावावर घेतली. दुसरी तुझी.

घाई काही नाही. माझी पेस्टी मी खाल्ली, तुझ्यासाठी फ्रीझरमध्ये सलगमच्या चार करून ठेवल्या आहेत.

हेल्मी